फिनालेतून म्यूझस्कोरमध्ये: मराठी गीतांची चार आवाजांतली नोटेशन्स नीट लावताना

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक कंपनीनं जाहीर केलं की फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचं काम ३५ वर्षांनी थांबवत आहोत. आमच्या चर्चच्या क्वायरला ही बातमी थेट लागू होती. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांत बसवलेली आमची मराठी गीतं जवळजवळ सगळी फिनालेमध्येच होती, तीही आमच्या निवृत्त क्वायरमास्तरांच्या घरातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर. कंपनीनं फिनालेच्या ग्राहकांना डोरिको प्रो हे दुसरं नोटेशन सॉफ्टवेअर १४९ डॉलरमध्ये देऊ केलं होतं, पण लायसन्स मास्तरांच्या नावावर, आणि क्वायरच्या खात्यातून एवढे पैसे एका कॉम्प्युटरसाठी काढणं बरं वाटलं नाही. म्यूझस्कोर हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोणालाही घरच्या लॅपटॉपवर टाकता येतं. मी क्वायरमध्ये आल्टो गाते आणि गरज पडेल तेव्हा ऑर्गनवर बसते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मराठी अक्षरं स्टेव्हखाली (स्वर लिहायच्या पाच रेघांखाली) लावण्याबद्दल मला लिहिलेलं फार कुठे सापडलं नाही. दुसऱ्या एखाद्या क्वायरचं काम सोपं व्हावं म्हणून सगळं क्रमानं मांडते आहे.

ऑक्टोबरमध्ये मास्तर मुलीकडून परत आले तोपर्यंत थांबावं लागलं, कारण मूळ फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचा खात्रीचा रस्ता फिनालेमधूनच जातो: फाइल उघडायची आणि म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळी नोटेशन सॉफ्टवेअर वाचू शकतात असा फाइलचा प्रकार) म्हणून एक्सपोर्ट करायची. म्युझिकएक्सएमएलमध्ये स्वर, ताल, शब्द, स्वर जोडणारे बांध सगळं येतं. पानावर कोणती गोष्ट नेमकी कुठे बसली होती, ते मात्र तसंच्या तसं येत नाही, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर अंतरं स्वतःच्या हिशोबानं काढतं. म्हणून प्रत्येक गीताची पीडीएफही तिथेच काढून घ्या. पुढे कुठला स्लर (स्वरांवरची कमान) कुठून कुठे होता असा प्रश्न पडला की तीच पीडीएफ बघावी लागते. तुमच्या ओळखीत कोणाकडे फिनालेच्या फाइली पडून असतील तर ते मशीन चालू आहे तोवर हे दोन्ही करून ठेवा.

पहिली फाइल म्यूझस्कोर ४ मध्ये उघडली तेव्हा पोटात गोळा आला. स्टेव्ह एकमेकांत घुसलेले, एका ओळीत सात बार (तालाचे खाने) तर पुढच्या ओळीत दोनच, आणि स्वरांखाली मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. त्या खिचडीचं कारण मास्तरांनी सांगितलं. फिनालेमध्ये युनिकोड (अक्षरांचे सगळीकडे सारखे चालणारे संकेत) आलं ते २०१२च्या आवृत्तीपासून. त्याआधीची गीतं त्यांनी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टाइप केली होती. तो फाँट नसेल तर अक्षरं अशीच दिसणार. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण आपले शब्द स्वरांप्रमाणे तुकडे करून लिहिलेले असल्यामुळे पहिली वेलांटी एका तुकड्यात आणि तिचं अक्षर दुसऱ्यात, असे प्रकार होतात. मी शब्द सरळ नव्यानं टाइप केले, आणि तेच लवकर झालं. युक्ती अशी: कडवं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आधी तोडून लिहायचं, शब्दांत स्पेस आणि अक्षरांत हायफन टाकून. मग ते कॉपी करायचं, पहिल्या स्वरावर क्लिक करून कंट्रोल-एल दाबायचं आणि मग कंट्रोल-व्ही दाबत राहायचं. एकेक तुकडा आपोआप पुढच्या स्वराखाली जाऊन बसतो. एक अक्षर दोन-तीन स्वरांवर लांबवायचं असेल तिथे थांबून अंडरस्कोर द्यायचा.

पसरलेल्या ओळींचं कारण वेगळं होतं. म्यूझस्कोरच्या प्रेफरन्सेसमध्ये इम्पोर्ट नावाचा भाग आहे. तिथे जुनी मांडणी आणायची का आणि ओळींचे-पानांचे तोड आणायचे का, असं विचारलेलं असतं. दोन्हींवरची खूण काढली आणि फाइल पुन्हा उघडली. निम्मा गोंधळ तिथेच गेला. जी गीतं आधीच उघडून सेव्ह झाली असतील त्यांत सगळं निवडून कंट्रोल-आर दाबलं की हातानं सरकवलेलं सगळं मूळ जागी येतं.

पुढचा टप्पा अक्षरांचा. म्यूझस्कोरचा नेहमीचा मजकुराचा फाँट एडविन. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या मर्जीचा फाँट उचलतो. माझ्या लॅपटॉपवर नीट दिसणारं पान टेनरमधल्या काकांच्या लॅपटॉपवर उघडलं की अक्षरांची रुंदी बदलायची, आणि अक्षरं बदलली की स्वरांमधली अंतरंही बदलायची. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स असं जाऊन लिरिक्सच्या सम आणि विषम अशा दोन्ही ओळींना मुक्ता फाँट दिला. हा मुंबईच्या एक टाइपचा, मोफत मिळणारा फाँट. अक्षर मोकळं, बारीक आकारातही काना-मात्रा स्पष्ट. नोटो सेरिफ देवनागरीही चांगला आहे, फक्त आमच्या ज्येष्ठांना मुक्ता वाचायला सोपा वाटला. आयात केलेल्या शब्दांना जुना फाँट चिकटून राहिलेला असतो, म्हणून फॉरमॅटमधूनच टेक्स्ट स्टाइलचे जुने बदल पुसून टाकावे लागतात. नाहीतर स्टाइल कितीही बदला, पानावर काही हलत नाही.

आकारही याच टप्प्यात ठरवा. दोन रेघांमधलं अंतर मुळात १.७५ मिमी असतं, म्हणजे पाच रेघांचा स्टेव्ह ७ मिमी उंच. मी ते १.६ केलं, स्टेव्ह ६.४ मिमीचा झाला आणि अक्षरं ११ पॉइंटची ठेवली. रफार, अनुस्वार, दुसरी वेलांटी वर चढतात आणि उकार खाली लोंबतात, त्यामुळे मराठी ओळीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. तीन कडवी एकाखाली एक असली की वरच्या कडव्याचा उकार खालच्या कडव्याच्या मात्रेला टेकतो. स्टाइलमध्ये लिरिक्सच्या ओळींची उंची थोडी वाढवली की हे सुटतं, एकेक शब्द खाली ओढावा लागत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला पाच-सहा गीतांचे कच्चे प्रिंट नाताळच्या सरावाला नेले. तिथे शब्द कसे तोडायचे यावर चांगलीच चर्चा झाली. उदाहरणार्थ 'पश्चात्ताप'. उच्चाराप्रमाणे पश्-चात्-ताप असं होतं. पण गाताना शेवटच्या 'प'लाही स्वर मिळतो, म्हणून तुकडे चार. आमच्या सोप्रानोच्या ताई व्याकरण शिकवायच्या. त्यांना हलन्त दाखवून 'पश्-चात्-ता-प' हवं होतं. बासमधल्या मुलांचं म्हणणं, हलन्त दिसला की जीभ अडखळते. गाऊन पाहिलं तेव्हा निर्णय आपसूक झाला. गाणारा 'प'चा अकार धरून ठेवतो आणि 'श्च' थेट पुढच्या स्वरावर येतो. म्हणून 'प-श्चा-त्ता-प', जोडाक्षर न तोडता पुढच्या तुकड्यात. 'उ-द्धार', 'ख्रि-स्ता' तसंच. ताईंनीही मान्य केलं, आणि मग सगळ्या गीतांत एकच नियम पाळला. मला वाटतं, प्रत्येक क्वायरनं टाइप करायच्या आधी हे ठरवून घ्यावं. नंतर बदललं तर ओळीच्या ओळी पुन्हा बसवाव्या लागतात.

नाताळाच्या गडबडीत काम बाजूला पडलं. जानेवारीत पुन्हा बसले ते मुख्य दुखण्यावर, स्वरांमधल्या अंतरावर.

त्याच 'पश्चात्ताप'खाली चार क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचे स्वर) होते, चारही सारख्या लांबीचे. पानावर मात्र पहिला आणि दुसरा दूर, दुसरा आणि तिसरा आणखी दूर, आणि 'त्ता'नंतरचा 'प' एकदम जवळ. ताल वाचणारा डोळा इथे फसतो. सरावात टेनर नेमके याच जागी घाई करत होते. अशा वेळी माउसनं स्वर ओढायचा मोह होतो. ते करू नका. ओढलेला स्वर तेवढाच सरकतो, खालचं अक्षर आणि दुसऱ्या स्टेव्हवरचा टेनर-बासचा स्वर जागच्या जागी राहतात, आणि पुढे ओळ बदलली तरी तो तिरपेपणा फाइलमध्ये तसाच राहतो.

सॉफ्टवेअर अंतर कसं काढतं ते समजलं तेव्हा मार्ग सापडला. कालावधी दुप्पट झाला म्हणून जागा दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होते. क्रोचेटला (एक मात्रा) एक भाग तर मिनिमला (दोन मात्रा) दीड, सेमीब्रीव्हला (चार मात्रा) सव्वादोन. छापील संगीताची ही जुनी रीत आहे, त्यामुळे लांब स्वर पान खात नाहीत आणि छोटे चेंगरत नाहीत. शब्द आले की दुसरी अट लागते: शेजारची दोन अक्षरं एकमेकांना भिडता कामा नयेत. कालावधीनं दिलेली जागा 'श्चा'ला पुरत नसेल तर सॉफ्टवेअर तिथेच जास्तीची जागा देतं. ओळ गच्च भरलेली असली की ही ओढाताण जास्त दिसते, आणि ओळीत ऐसपैस जागा असली की अरुंद अक्षरांच्या स्वरांना ती आधी मिळते आणि अंतरं पुन्हा सारखी होतात.

म्हणजे उपाय त्या स्वरापाशी नव्हता, ओळीत किती बार आहेत त्यात होता. मराठी जोडाक्षरांच्या गीतांना ओळीत चार बार जड जातात. तीन घेतले की चारही क्वेव्हर समान दिसू लागले. जिथे चार बारच हवे होते, तिथे अक्षर अर्धा पॉइंट कमी केलं आणि स्टाइलमध्ये दोन अक्षरांमधलं किमान अंतर थोडं उतरवलं. एखादाच बार चेंगरलेला असेल तर तो निवडून उघडा महिरपी कंस आणि बंद महिरपी कंस या कळांनी आवळता-सैल करता येतो. आणि खरोखरच एखादा स्वर थोडा पुढे न्यायचा असेल तर प्रॉपर्टीजमध्ये त्याच्या आधीची मोकळी जागा वाढवायची सोय आहे. तिनं त्या क्षणाचे चारही आवाज आणि अक्षर एकत्र सरकतात. मला ती सोय सगळ्या पुस्तिकेत अगदी थोड्या ठिकाणी लागली.

ओळ कुठे तोडायची याचाही प्रश्न होता. आमची बरीच गीतं उठावाच्या क्रोचेटनं, म्हणजे पहिल्या पूर्ण बारच्या आधीच्या एका स्वरानं, सुरू होतात, म्हणून कवितेची ओळ बारच्या मध्येच संपते. गाणाऱ्याला पुढची ओळ नव्या रांगेत सुरू झालेली बरी पडते. त्यासाठी टूल्स मेनूतून बार त्या स्वराच्या आधी तोडायचा, मधली बाररेघ निवडून व्ही दाबून अदृश्य करायची, तिच्यावर एंटर मारून ओळ तोडायची आणि तुटलेल्या दुसऱ्या भागाला बारच्या मोजणीतून वगळायचं. हे शेवटचं विसरलं की बार क्रमांक घसरतात आणि सरावात 'बार १७ पासून' म्हटल्यावर निम्मे लोक दुसरीकडे असतात. उठावाचा पहिला बारही तपासा. आयात करताना तो पूर्ण चार मात्रांचा झाला असेल तर डावीकडे विनाकारण मोकळं मैदान दिसतं. बार प्रॉपर्टीजमध्ये प्रत्यक्ष लांबी एक मात्रा केली की ते भरून येतं.

मग एकाच स्टेव्हवरचे दोन आवाज. मास्तरांनी ताल सारखा असेल तिथे सोप्रानो आणि आल्टो एका दांडीवर (स्वराच्या उभ्या रेघेवर) कॉर्डसारखे लिहिले होते, ताल वेगळा झाला की दोन आवाजांत. हातातल्या पीडीएफवर ते चालून जायचं, पण नव्या मांडणीत दांड्या कधी एकत्र, कधी वर-खाली, आणि स्वरांची टिंबं एकमेकांवर चढलेली. आल्टोचे स्वर निवडून कंट्रोल-ऑल्ट-२ दाबलं की ते दुसऱ्या आवाजात जातात, सोप्रानोच्या दांड्या वर आणि आमच्या खाली. शेजारशेजारचे स्वर, समजा सोप्रानो बी आणि आल्टो ए, आले की वरचा आवाज डावीकडे आणि खालचा उजवीकडे असतो. ती चूक नव्हे, मांडणीची रीतच आहे, म्हणून ते एका रेषेत आणायला जाऊ नका. दोन्ही आवाजांना एकत्र विश्रांती असेल तिथे दोन चिन्हांऐवजी एकच दाखवायची सोय आहे, ती चालू करा. आल्टो म्हणून सांगते, माझी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दिशेच्या दांड्यांवर दिसली तेव्हा गाणं निम्मं सोपं झालं.

एवढं झाल्यावर फेब्रुवारीत कागदपत्रं. पुस्तिका छापायची तर पास्टोरेट कमिटीचा (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) ठराव हवा, आणि कमिटीनं दोन गोष्टी मागितल्या: छपाईची तीन कोटेशन्स आणि गीतांच्या हक्कांची यादी. भारतीय कायद्यात कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. नारायण वामन टिळक १९१९मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांना परवानगी लागत नाही. धार्मिक उपासनेत गीत गायला कायद्याची अडचण नाही, पण छापून वाटणं ही वेगळी गोष्ट. चार आवाजांची बांधणी ज्यांनी केली ते गृहस्थ हयात आहेत, त्यांना पत्र लिहिलं. उत्तर यायला जवळजवळ महिना गेला. त्यांनी आनंदानं परवानगी दिली आणि दोन ठिकाणी बासचे स्वरही सुधारून पाठवले. ज्या दोन गीतांच्या कवींबद्दल नक्की कळलं नाही ती पुस्तिकेतून काढली. वाईट वाटलं, त्यातलं एक माझ्या आईचं आवडतं होतं. तुम्ही हे पत्र सगळ्यात आधी पाठवा, वाट पाहण्यात जाणारे दिवस टायपिंगला वापरता येतात.

५ मार्चला, राखेच्या बुधवारी, पहिला पूर्ण प्रूफ हातात होता. तो स्क्रीनवर तपासू नका, कागदावर तपासा आणि जवळ फूटपट्टी ठेवा. दुकानात काढलेल्या प्रिंटवर स्टेव्ह ६ मिमीपेक्षाही लहान भरला, कारण प्रिंटरला 'पानावर बसवा' असं सांगितलेलं होतं. ते बदलून 'मूळ आकार' केलं आणि बरोबर ६.४ मिमी आला. पीडीएफ म्यूझस्कोरमधूनच काढा म्हणजे फाँट आतच राहतो. दुकानाच्या कॉम्प्युटरवर मुक्ता नसला तरी बिघडत नाही. समास मी १२ मिमी ठेवले, पण स्पायरलची भोकं डाव्या कडेला पडतात, तिथे १८ लागले. शेवटच्या ओळीत एक-दोनच बार उरले असतील तर त्या एका बारसाठी पान बदलू नका, आधीच्या ओळींतून एखादा बार खाली आणा. आणि ऑर्गनवाल्यासाठी पान उलटायची जागा बघा. उजव्या पानाचा शेवट लांब स्वरावर किंवा विश्रांतीवर आला पाहिजे. दोन गीतांत त्यासाठी मी मुद्दाम ओळ आधी तोडली.

प्रूफ चारही आवाजांच्या एकेका माणसाला दिला. प्रत्येकानं फक्त आपली ओळ गाऊन तपासायची. टेनरच्या काकांना एक राहून गेलेला शार्प सापडला, जो मूळ पीडीएफमध्येही नव्हता आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं ऐकून बरोबर गात होतो.

३२ पानांच्या ४० प्रती, कार्डाचं कव्हर आणि स्पायरल धरून ४,१०० रुपयांत झाल्या. सॉफ्टवेअर आणि फाँट यांना काहीच खर्च नाही. झावळ्यांच्या रविवारी, १३ एप्रिल २०२५ला, त्या पहिल्यांदा वापरल्या. टेनरांनी 'पश्चात्ताप' घाई न करता गायला, आणि उपासना संपल्यावर त्यांनी ते स्वतःहून सांगितलं.

नवीन गीत हाती आलं की आता माझा क्रम ठरलेला आहे: आधी फाँट आणि स्टेव्हचा आकार, मग शब्द, मग ओळी, मग आवाज, आणि काही उरलंच तर एखादा स्वर. फॉरमॅट, स्टाइलमधून आमची स्टाइल वेगळी सेव्ह करून ठेवली आहे. नवी फाइल उघडून ती लोड केली की फाँट, आकार, ओळींची उंची सगळं एकदम येतं. मूळ म्यूझस्कोर फाइल, म्युझिकएक्सएमएल आणि पीडीएफ अशा तिन्ही प्रती चर्चच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर आणि दोन घरांत आहेत. नाताळच्या गीतांचं काम जूनमध्ये सुरू करतोय, या वेळी परवानगीची पत्रं आधी गेली आहेत.